पराणी कुणाच्या हातात?



पत्रिकेत विषय छापलाय 'साहित्यातील आणि जीवनातील वाटेचा हक्क'. पुढच्या रांगेत वकीलमंडळी दिसतात म्हणून आधीच सांगतो, मी मराठीचा मास्तर. 1882चा सुविधाधिकाराचा कायदा, 20 वर्षांची वहिवाट, बांधावरच्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडे नेणारं महसूल संहितेचं कलम 143, हे तुम्हाला पाठ आहे, पुढे जातो. माझा हट्ट एवढाच, की वाट कुणाची हे विचारण्याआधी पराणी कुणाच्या हातात आहे ते बघा.

इडिपसची गोष्ट सांगत बसत नाही. फक्त तो तिठा आठवा. सोफोक्लीसच्या नाटकात रथातला म्हातारा नुसतं 'बाजूला हो' म्हणून थांबत नाही, दुटोकी पराणी त्याच्या डोक्यात हाणतो. पोरगा उलटतो आणि म्हाताऱ्याला ठार करतो. तो त्याचाच बाप. लोक म्हणतात भविष्यवाणी. मी म्हणतो, रस्त्यावरची मुजोरी. (हशा)

आपल्या आदिपर्वात कल्माषपाद राजा आणि वसिष्ठपुत्र शक्ती समोरासमोर येतात. वाट एकापुरतीच. शक्ती म्हणतो, धर्मानं राजानं सरकायचं. राजा चाबूक ओढतो, शक्ती शाप देतो, 'नरभक्षक होशील.' राजा होतो, आणि पहिला खातो तो शक्तीलाच. हक्क शाबूत, माणूस पोटात! (मोठा हशा)

आता आमच्या गावची पाणंद. एकच मिनिट. दोन्हीकडे निवडुंग, मधे एका गाडीची चाकोरी. आजोबांची रिकामी गाडी, समोरून शेजाऱ्याची उसानं भरलेली. बांधावरून दोघांचा दावा चालू, बोलणं बंद. बैल काही मागे चालत नाहीत. आजोबांनी पराणी उचलली. मी मागे बसलेलो, सहा वर्षांचा. मला वाटलं, आता हाणणार. त्यांनी ती खाली ठेवली, जुंपणी सोडली, बैल माझ्या हाती दिले आणि गाडी मागे रेटायला लागले. चाक खड्ड्यात अडकलं. तेव्हा शेजारी उतरला आणि न बोलता आऱ्यांना हात घातला. घामाघूम होऊन दोघांनी गाडी तिकाटण्यापर्यंत नेली. दावा पुढेही चाललाच हो! पण घरी येऊन आजोबा म्हणाले, "भरल्या गाडीला वाट द्यायची असते." वनपर्वात अष्टावक्र जनकाला आधी वाट कुणाला ते सांगतो, त्यात ओझेवाला आहे. आजोबांनी वनपर्व वाचलं नव्हतं.

काय म्हणालात? 'ज्यांना वाटच मिळाली नाही त्यांनीही सरकायचं का?' नाही, नाही! उलटंच म्हणतोय मी. अष्टावक्राच्या यादीतही ब्राह्मण दिसला की बाकीच्यांचा हक्क संपतो. यादी करणाऱ्यांच्याच हाती पराणी होती! महाडचं तळं नगरपालिकेनं 1924 साली ठरावानं सर्वांना खुलं केलं. पण 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तिथवर चालत जावं लागलं, आणि त्यानंतर मारही त्याच माणसांनी खाल्ला. तिथं सरकायचं होतं कुणी? यावर खरं तर तासभर...

चिठ्ठी आली. वारीतल्या दिंड्यांचा क्रम राहिला, अँब्युलन्स राहिली. वेळ संपली असं अध्यक्ष लिहितात, आणि खाली... फाटकात एक पांढरी गाडी आडवी आहे, कुणाला बाहेर पडता येत नाही. (हशा) मित्रहो, किल्ली माझ्याच खिशात आहे. आलोच.