हजेरीची पहिली पाच मिनिटे

शाळेत नव्याने आलेले मूल पहिल्या दिवशी काय पाहत असेल? फळा, नकाशे, भिंतीवरची चित्रे, असे आपण समजतो. माझ्या मते ते दोनच गोष्टी पाहते. गुरुजींचा चेहरा कसा आहे, आणि आपल्याला बसायला जागा कोठे आहे. या दोहोंची खात्री पटेपर्यंत त्याच्या कानांवर पडलेले बाराखडीचे अक्षर आत जात नाही.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावात या पहिल्या दिवसाला आणखी एक पदर असतो. जुन्या मध्यप्रदेशात मराठी आणि हिंदी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ वेगळा झाला आणि बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिले. या टापूत आजही कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी निमाडी, तर कोणाच्या घरी कोरकू बोलली जाते; शाळेचे पुस्तक मात्र बहुधा हिंदी. घरी बडबड करणारे पोर वर्गात तहान लागली तरी मागत नाही, कारण पाणी कोणत्या शब्दांनी मागावे हेच त्याला उमगत नाही. त्याच्या गप्प बसण्याला आपण मठ्ठपणा म्हणून मोकळे होतो!

हे मौन कसे फुटते? भाषणाने नाही, बक्षिसानेही नाही. ते फुटते रोजच्या रोज, त्याच वेळी, त्याच रीतीने होणाऱ्या साध्या गोष्टींनी. याचा एक दाखला तापीच्याच खोऱ्यात, खाली अमळनेरास सापडतो. आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील शाळेत साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. मुलांची विस्कटलेली अंथरुणे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे ते न बोलता आवरून ठेवीत. छात्रालयासाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलाला, आपली दखल घेणारे माणूस येथे आहे, हे रोज सकाळी कळावे, याहून मोठी हमी ती कोणती असणार?

दुसरा दाखला ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, किनारपट्टीचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला. तेथे दिवसाची सुरुवात पाटीने होत नसे. तोंड धुणे, केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणे, मग गोष्ट. वरवर पाहता ही आरोग्याची शिकवण. पण केस विंचरताना बाईंचा हात मुलाच्या डोक्यावरून फिरतो, हे विसरून कसे चालेल? ज्या वस्तीला लोक शिवत नव्हते, त्या वस्तीतल्या मुलाला त्या हाताचा अर्थ पुस्तकापूर्वीच कळत होता. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच कुरणात भरू लागली.

आता कोणी म्हणेल, नित्यक्रम तर प्रत्येक शाळेत आहे. आहे खरा. प्रार्थना, प्रतिज्ञा, हजेरी, घंटा, सगळे वेळच्या वेळी. परंतु उशिरा आलेल्या मुलाला दाराबाहेर उभे करणे हाही नित्यक्रमच आहे, आणि रोज उंबऱ्याशी उभे राहणारे मूल रोज एकच धडा शिकते, की ही जागा आपली नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली, हे उत्तम झाले. छडी गेली. मात्र छडीची जागा कशाने घ्यावी, हे कायदा कितीसे सांगणार? ते गुरुजींनी आणि बाईंनीच ठरवायचे.

एकाच खोलीत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता आणि वर कागदांचे ओझे सांभाळणाऱ्या शिक्षकाला मी नवे काम सांगू इच्छीत नाही. हजेरी तर तो घेतोच. तीच घेताना नाव घरच्या उच्चाराने घ्यावे, मान वर करून मुलाकडे पाहावे, आणि ‘हजर’ हा शब्द त्याने स्वतःच्या बोलीत म्हटला तर चालू द्यावा. निमाडीतला एक, कोरकूतला एक, मराठीतला एक, असे हुंकार एकामागून एक उमटले की शेजारी बसलेल्यालाही दुसऱ्याची भाषा ऐकून ठाऊक होते. गैरहजर मुलाचे नाव घाईने ओलांडू नये. ‘आज तो कोठे आहे, कोणाला ठाऊक आहे?’ एवढे विचारावे. कापूस वेचणीच्या दिवसांत उत्तर बहुधा शेतातूनच येईल. दुसऱ्या दिवशी ते मूल आले की ‘काल का आला नाहीस?’ असे दरडावण्याऐवजी ‘काल तुझी जागा मोकळी होती’ असे म्हणून पाहावे. वाक्य तेवढ्याच लांबीचे आहे, वेळही तेवढाच लागतो. आणि ती जागा खरोखरच मोकळी ठेवलेली असावी. मूल आत शिरताच आधी तिकडेच पाहते.