तुटलेली धार



विज्ञान लिहिणाऱ्या माणसाला संमेलनाध्यक्ष करायचे धाडस चाकूरकरांनी केले, त्याबद्दल आभार. साहित्याच्या प्रयोजनावर बोलायला माझ्याहून जाणती माणसे समोर बसली आहेत. मी फक्त एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो मला बरीच वर्षे छळतो आहे.

तो शब्द म्हणजे शास्त्रज्ञांचा 'जेट'. कृष्णविवर भोवतालचा वायू ओढून घेते. तो वायू थेट आत पडत नाही, आधी तबकडीसारखा गरगर फिरतो. त्यातला काही भाग गिळला जाण्याआधीच वर आणि खाली अशा दोन दिशांना, प्रकाशाच्या जवळपास वेगाने फेकला जातो. म्हणजे हे विवराच्या पोटातून आलेले नसते, ओठावरून परतलेले असते. १९१८ साली खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांना एम ८७ या दीर्घिकेच्या छायाचित्रात एक सरळ रेघ दिसली, ती हीच. तिचा अर्थ लागायला पुढे कित्येक दशके गेली.

मराठीत आपण 'झोत' लिहून मोकळे होतो. मीही लिहिले आहे. पण झोत म्हटले की बॅटरी आठवते. उजेड येतो, माल येत नाही. फवारा पसरतो, हा पसरत नाही. कारंजे वर जाऊन खाली पडते, हा परत फिरत नाही. 'चिळकांडी' मला फार आवडते, पण आकाशात ती टिकत नाही, लोक हसतील.

माझी आजी म्हैस पिळायची. पहिली धार रिकाम्या चरवीत पडली की चर्र वाजायचे. दूध सरळ आणि बारीक का येते, तर बोटांची पकड असते म्हणून. कृष्णविवराजवळ ही पकड चुंबकीय क्षेत्राची असते. फिरत्या तबकडीबरोबर चुंबकीय रेषांना पीळ बसतो आणि तो पीळ द्रव्याला आवळून पुढे ढकलतो. त्या रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. तेव्हा माझे मत 'धार' या शब्दाला. त्याचे दुसरे कारण पुढे येईल.

या धारा पाहायला लांब जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद आहे. तिथे आणि आसपास २५ किलोमीटरच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर खर्चही झेपला नसता आणि वाराही. त्यांनी ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बारीक पोलादी तारांची जाळी बसवली. बाज विणतात तशी, असे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मनात आले. त्या जाळीतून वारा निघून जातो. रेडिओ लहर मात्र जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असते, म्हणून तिच्यासाठी तो आरसाच. तिथे गेलात की मोबाईल बंद करावा लागतो. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकायची तर आपल्या खिशातली बडबड थांबवायला नको का?

आता दुसरे कारण. बोअरची मोटार चालू आहे, धार लागली आहे, आणि लाईट गेली. धार तुटते, पण दांडात आलेले पाणी पुढच्या सरीत जातच राहते. तासाभराने लाईट आली की नवी धार जुन्या ओल्या वाटेने निघते. काही दीर्घिकांचे नेमके असेच होते. मधल्या कृष्णविवराचा पुरवठा थांबतो, धार तुटते, आधी बाहेर गेलेले द्रव्य दूर मंद तेवत राहते, आणि लाखो वर्षांनी पुन्हा धार लागते. तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोन पुंजके दिसतात, जुने लांब, नवे जवळ. जुन्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ओसरलेली असते. ते कमी वारंवारतेलाच ऐकू येतात, आणि खोडदचा कान नेमका तिथे तिखट आहे. लोडशेडिंग भोगलेल्या लातूरकराला हे समजावून सांगायला मला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पुण्यात लागतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये पॉर्फिरियन नावाच्या जोडधारेचे वर्णन आले. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षे. आपली आकाशगंगा जेमतेम १ लाखाची. ती सापडली युरोपातल्या लोफार दुर्बिणीला. ती कोणत्या दीर्घिकेतून निघते, हे शोधायला खोडदची निरीक्षणे कामी आली. दुसरे, अगदी लहान उदाहरण कृष्णविवराचे नाही, ताऱ्याचे: वृषभ राशीतला डीजी टाऊ, सूर्यासारखाच, पण वयाने कोवळा तारा. २०१४ साली जीएमआरटीवरच्या निरीक्षणांत त्याच्या धारेच्या टोकाशी अतिवेगवान इलेक्ट्रॉनांच्या खुणा मिळाल्या. संशोधकांनी पुरावा प्राथमिक आहे असे स्वतःच लिहिले. हा सावधपणा आपल्या समीक्षेत कधी येईल कोण जाणे.

आणि आता असाच आणखी एक कान आपल्या दारात येतो आहे. मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, टिपणार. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची अशी लहर परदेशातल्या वेधशाळांनी टिपली. त्या टकरीतूनही धार निघाली होती, आणि तिच्या रेडिओ खुणा पाहायला खोडदच्या तबकड्याही वळल्या होत्या. पुढच्या अशा टकरीची बातमी कदाचित औंढ्याहून निघेल. ती लिहायला मराठवाड्यातला माणूस हवा, आणि त्याच्याजवळ शब्द हवेत.

म्हणून एक विनंती. मंडपाच्या दारात मी एक वही ठेवायला सांगितली आहे. पाणी, दूध, वाफ, धूर, मळणीयंत्रातला भुसा, काहीही जोराने बाहेर पडते तेव्हा तुमच्या गावात त्याला काय म्हणतात, ते गावाच्या नावासकट लिहा आणि मगच चहाला जा.