बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर: घरच्यांनी काय समजून घ्यावं, मदत कशी शोधावी

आजचा विषय जरा जड आहे, पण रेडिओ बंद करू नका. मी डॉक्टर नाही, आयटीत कन्सल्टंट आहे. नात्यातल्या एका मुलीच्या उपचारांच्या निमित्तानं गेली काही वर्षं इथल्या अमेरिकेतल्या विमा कंपन्या, क्लिनिक आणि थेरपिस्ट यांच्याशी माझं बरंच बोलणं झालं. त्यातून जे कळलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे म्हणतात ना, घडीत तोळा, घडीत मासा. सकाळी जी मैत्रीण जिवाभावाची, तीच संध्याकाळी शत्रू. फोन उचलायला दहा मिनिटं उशीर झाला, की ‘तुम्हाला मी नकोच आहे’. मग आदळआपट, रडणं, आणि थोड्या वेळानं प्रचंड अपराधीपणा. अशा मुलीला किंवा मुलाला घरात काय म्हणतात? तापट, लाडावलेली, नाटकी. कुणी म्हणतं, लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.

दरवेळी आजारच असतो असं नाही. पण हे वर्षानुवर्षं चालत असेल, शिक्षण, नोकरी, नाती सगळ्यांची त्यात वाताहत होत असेल, तर तो बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असू शकतो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी नऊ लक्षणं तपासतात: एकटं टाकलं जाण्याची भीती, टोकाची नाती, मी नक्की कोण याचा गोंधळ, उतावळेपणा, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे विचार, झपाट्यानं बदलणारं मन, आतली पोकळी, न आवरणारा राग, आणि ताण आला की संशय येणं किंवा भान हरपल्यासारखं होणं. यांतली निदान पाच असावी लागतात. घरी बसून मोजू नका, ते काम तज्ज्ञांचं. बायपोलर आजाराशी याची गल्लत होते. बायपोलरमध्ये मनाची एक अवस्था बरेच दिवस टिकते, इथे काही तासांतच पारडं फिरतं.

कारण एकच नसतं. काहींचं मन जन्मतःच हळवं असतं, त्यात लहानपणी आघात झालेला असतो किंवा ‘यात रडण्यासारखं काय आहे’ हेच सतत ऐकलेलं असतं. म्हणून आईबापांना आरोपी करण्यात अर्थ नाही, आणि मुलीला तर नाहीच नाही.

आता चांगली बातमी. हा आजार बरा होत नाही असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. पण रुग्णांची अनेक वर्षं नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांत दिसलं, की दहा वर्षांत बहुसंख्यांची लक्षणं निदानाच्या रेषेखाली येतात. काम आणि नाती रुळावर यायला मात्र जास्त वेळ लागतो.

मुख्य उपचार म्हणजे थेरपी. या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध अमेरिकेत नाही. सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर त्यासाठी गोळ्या देतात. सर्वांत जास्त अभ्यास झालेली पद्धत डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी. सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या मार्शा लिनेहान यांनी ती तयार केली. किशोरवयात त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितलं.

या थेरपीत चार गोष्टी शिकवतात: वर्तमानात भान ठेवणं, बिकट क्षण निभावून नेणं, भावना हाताळणं, आणि नातं न तोडता आपलं म्हणणं मांडणं. पहिल्या गोष्टीचं मूळ झेन ध्यानात आहे. ते ऐकून ‘मग विपश्यनेलाच पाठवू’ असं कुणी म्हणेल. पण दहा दिवसांचं मौन मन इतकं अस्थिर असताना झेपेलच असं नाही. आधी थेरपिस्टला विचारा.

कन्सल्टंट म्हणून मला एक सवय आहे: करार करण्याआधी प्रश्न विचारायचे. इथेही विचारा. तुम्ही पूर्ण डीबीटी करता, की त्यातली काही कौशल्यं वापरता? दर आठवड्याचं वैयक्तिक सेशन आणि कौशल्यांचा गटवर्ग, दोन्ही आहेत का? मधल्या दिवसांत अवघड वेळ आली तर फोन करता येतो का? पूर्ण कार्यक्रम बहुधा वर्षभराचा असतो, म्हणून विम्याला आधीच विचारा की थेरपिस्ट नेटवर्कमध्ये आहे का. मुलं 26 वर्षांची होईपर्यंत पालकांच्या विम्यात राहू शकतात. आणखी एक. मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला असेल, तर व्हिडिओवरच्या थेरपिस्टकडेही साधारणपणे त्या राज्याचा परवाना लागतो.

मूल 18 वर्षांचं झालं, की त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर सहसा आपल्याला काही सांगत नाहीत. पण आपण डॉक्टरांना सांगू शकतो. काय दिसलं, केव्हापासून, ते लिहून पाठवा.

आणि घरी काय करायचं? समजा लेक फोनवर म्हणाली, ‘आई, रूममेट मला न विचारता जेवायला गेली. तिला मी नकोच आहे.’ आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘एवढंसं काय मनावर घेतेस?’ त्याऐवजी म्हणून बघा, ‘मागे राहिल्यासारखं वाटलं असेल ना गं तुला.’ रूममेट वाईट आहे असं आपण म्हटलेलं नाही. तिला जे वाटलं ते ऐकलं, एवढंच. सल्ला नंतर, तोही तिनं मागितला तर. याचा अर्थ सगळं सहन करायचं असा नाही. ‘ओरडलीस तर मी फोन ठेवेन आणि अर्ध्या तासानं परत करेन,’ हे शांतपणे सांगा, आणि अर्ध्या तासानं फोन नक्की करा.

आत्महत्येचा विषय आला तर टाळू नका. ‘मरावंसं वाटतंय का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘लक्ष वेधायला करते’ म्हणून सोडून देऊ नका, कारण या आजारात जीव जाण्याचा धोका खरा असतो. अमेरिकेत 988 हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन किंवा मेसेज, दोन्ही चालतं. फोनवर दुभाषा मागता येतो. तातडीचा धोका असेल तर 911. घरात बंदूक किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो आधी तिच्या आवाक्याबाहेर ठेवा.

उरला प्रश्न भारतातल्या आजीआजोबांना काय सांगायचं याचा. मुलीला विचारा, तिला किती सांगितलेलं चालेल. आमच्याकडे एक वाक्य ठरलं: ‘तिला सगळं फार तीव्रपणे जाणवतं, आणि ते कसं सांभाळायचं हे ती शिकतेय.’ आजीनं विचारलं, ‘मग क्लास कधी असतो?’ आता दर मंगळवारी त्या वेळी आजी फोन करत नाही.

ज्यांना याची गरज आहे असं वाटतं, त्यांच्यापर्यंत हे पोचवा.