नोकरी सुटते, सेवावर्षे उरतात

ओखला, फरीदाबाद वा नोएडा येथील कामगार एक कारखाना सोडतो, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतील सारी रक्कम काढून घेण्याचा विचार त्याच्या मनात येतो. घरभाडे थकलेले असते, मुलांची फी भरायची असते. त्याला दोष देता येत नाही. परंतु या निधीला जोडून 16 नोव्हेंबर 1995 पासून निवृत्तिवेतन योजना आहे, आणि तीत पैशाबरोबर वर्षेही जमा होतात. निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी 10 वर्षांची सेवा लागते. पहिल्या कारखान्यातील 4 आणि दुसऱ्यातील 6 वर्षे जोडली, तर हा हक्क सिद्ध होतो. पहिल्या 4 वर्षांचा निवृत्तिवेतनाचा पैसा उचलला, तर ती वर्षे हिशेबातून जातात. 15,000 रुपये वेतनावर 10 वर्षांच्या सेवेचे निवृत्तिवेतन दरमहा सुमारे 2,143 रुपये होते. रक्कम लहान खरी. पण वयाच्या 58 व्या वर्षापासून ती आमरण मिळते आणि पश्चात पत्नीलाही आधार देते. म्हणून नवी नोकरी मिळताच जुने खाते तिकडे वर्ग करावे. ती नसेल आणि पैशाची निकड असेल, तर नियमांप्रमाणे निधीतून रक्कम घ्यावी. निवृत्तिवेतनाच्या वर्षांसाठी मात्र ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागून जपून ठेवावे. म्हातारपणी तोच कागद कामास येतो.