झाडे जुलैत लावतो, ती मरतात मे महिन्यात

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण, छापताना काही वाक्ये कमी-जास्त केली आहेत.)





'विद्यार्थी आणि पर्यावरण' असा भारदस्त विषय मला नेमून देण्यात आला आहे. मी मात्र शाळेच्या फाटकाबाहेर फारसा जाणार नाही. प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपासून शाळेतील वृक्षारोपणाचे काम माझ्याकडे आहे. दर पावसाळ्यात आम्ही रोपे लावतो, पाहुण्यांच्या हस्ते पाणी घालतो, फोटो काढतो आणि अहवाल पाठवतो. पण पुष्कळशी रोपे दरवर्षी त्याच त्या खड्ड्यांत लावली जातात, हे मी कोणत्याही अहवालात लिहिलेले नाही. आदल्या वर्षीचे रोप मेलेले असते, म्हणून खड्डा आयताच मिळतो.

ती मरतात केव्हा? पावसाळ्यात नाही, थंडीतही नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा. 1972 साली स्टॉकहोम येथे जागतिक परिषद भरली आणि तिच्यातून 5 जून हा पर्यावरण दिन ठरला. आपल्याकडे त्या दिवशी शाळा बंद असतात. वनमहोत्सव 1950 पासून जुलैत साजरा होतो, तेव्हा पाऊसच पाणी घालतो. म्हणजे आपले दोन्ही सोहळे अशा वेळी येतात की झाडाला विद्यार्थ्याची गरज नसते. गरज लागते तेव्हा विद्यार्थी मामाच्या गावी असतो आणि मास्तरही!

मागच्या उन्हाळ्यात काही कामासाठी मी सुट्टीतच शाळेत आलो. आवारात चिटपाखरू नव्हते. भिंतीकडेची रोपे वाळून काड्या झाली होती. त्यांच्यापासून दहा पावलांवर पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकत होता, खाली सिमेंटवर हिरवे शेवाळ धरले होते. सेकंदाला एक थेंब. मी गणिताचा शिक्षक नाही, पण हिशेब सोपा आहे. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दिवसाचे 86,400 सेकंद. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी, आणि पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीत जवळजवळ दोनशे लिटर. एका बाजूला पाणी वाया जात होते, दुसऱ्या बाजूला झाड पाण्यावाचून मरत होते, आणि मध्ये अंतर दहा पावलांचे. वायसर बदलायला किती पैसे लागतात हे आपणा सर्वांना माहीत आहे.

पाण्याचे महत्त्व कबनूर-इचलकरंजीच्या माणसाला मी काय सांगावे? नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातले एक माणूस कामावर जात नाही, अशी घरे आपल्यात आहेत. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले की काय होते हे आपण पुस्तकात वाचलेले नाही, शेजारी पाहिले आहे. पंचगंगेचे पाणी बिघडण्यात कारखान्यांचा हात आहे, गावागावांतील गटारांचाही आहे. त्यावर मोर्चे निघाले, खटले झाले. आठवीतला मुलगा ती नदी स्वच्छ करू शकत नाही. ते मोठ्यांचे काम आहे आणि ते त्याच्या डोक्यावर टाकणे मला मान्य नाही. पण शाळेचा नळ त्याच्या आवाक्यात आहे.

म्हणून या वर्षी आम्ही मुलांना झाडे लावायला सांगण्याऐवजी आधी हिशेब करायला सांगितला. नळाखाली लोटा ठेवा आणि मोजा. वजूसाठी नळ सोडला की भिजून निथळेपर्यंत किती पाणी जाते, ते बादलीत धरून पाहा. वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी वजूला पाणी जपून वापरावे, ही आपल्या प्रेषितांची शिकवण घराघरात सांगितली जाते. ते स्वतः एक मुद्द पाण्यात वजू करीत, म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आत-बाहेर. मुलांनी लोट्याने वजू करून पाहिली. जमते! फक्त सवय हवी. आता ते पाणी एका चरातून झाडांकडे नेले आहे. चर मुलांनीच खणला. पहिल्यांदा उतार चुकला आणि पाणी वर्गाच्या पायरीशी साचले, तो भाग वेगळा.

इथे मला एका मातेची आठवण सांगितली पाहिजे. वर्गवार कचरा वेगळा करण्याचे काम सुरू केले तेव्हा एका विद्यार्थ्याची अम्मी रागाने शाळेत आली. म्हणाली, "सर, मी दिवसभर कांड्या भरते ती याने कचऱ्याची बादली उचलावी म्हणून नव्हे. ते काम आमच्या नशिबात होते, त्याच्या नको." मी शिकवणीतली उत्तरे देऊ लागलो आणि मध्येच थांबलो. कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या देशात झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे जन्मावर ठरत आले आहे, आणि ज्यांच्या हातून तो मोठ्या कष्टाने सुटला त्यांनाच तो परत दिल्यासारखे वाटले तर नवल काय? दुसरी गोष्ट त्याच दिवशी माझ्या लक्षात आली. आमच्या वर्गात खड्डे खणायला मुलगे पुढे होत आणि झाडू आपोआप मुलींकडे जाई. कोणी तसे सांगितले नव्हते, मीही अडवले नव्हते.

त्यानंतर पाळीचा तक्ता लावला. त्यात मुलगे, मुली आणि शिक्षक, सर्वांची नावे आहेत. माझा वार बुधवार. ती अम्मी पुन्हा आली तेव्हा मी बादली घेऊन खड्ड्याकडे चाललो होतो. ती काही बोलली नाही. तिची समजूत पटली असा दावा मी करीत नाही.

पालापाचोळा आम्ही आता जाळत नाही. खड्ड्यात पाला, थोडा शेणकाला, मातीचा थर आणि ओल राहील इतके पाणी, एवढेच खतासाठी लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी उरूस झाला की रस्त्यावर काय दिसते ते आपण पाहतोच. जिथे दिवसरात्र कापड विणले जाते त्या गावाने बाजाराला प्लॅस्टिकची पिशवी न्यावी, ही मला तरी गंमतच वाटते. मुलींनी जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून आणल्या, पुढे मुलग्यांनाही टाके घालायला बसवले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सुट्टीत झाड जगवायचे असेल तर मडके हा सोपा उपाय आहे. पाच-सहा लिटरचे मातीचे मडके घ्यावे, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुताची वात ओवावी आणि ते रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरावे. पाणी हळूहळू मुळाशी झिरपते, उन्हाने उडून जात नाही. वातीसाठी मागाखालचे वाया सूत चालते, मात्र ते सुती असावे. मडक्यावर झाकण हवेच, नाहीतर डास होतील आणि झाडापायी डेंग्यू घरी नेऊ. रोपेही करंज, कडुनिंब, जांभूळ अशी आपल्या मातीची निवडली आहेत.

पण मडके स्वतः भरत नाही. चार-पाच दिवसांनी कोणीतरी आले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम सुरू केले. 1922 साली ते गेले तेव्हा धरण अपुरे होते, ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. त्याचे पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते. कोणी तरी ते काम शेवटी पुरे केले, एवढेच मला त्यातून दिसते. आमची मागणी त्या मानाने फार लहान आहे: सहा आठवडे.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात सुट्टीतील सहा आठवड्यांच्या सहा ओळी आखल्या आहेत. फाटकाची चावी शिपाईमामांकडे राहील. एका ओळीवर एक पालक आणि दोन विद्यार्थी अशी नावे हवी आहेत. शेजारी-पाजारी राहणारे असतील तर बरे. पहिल्या आठवड्याला मी माझे नाव लिहिले आहे. शेवटच्या आठवड्याला नववीच्या दोन मुलींनी आपली नावे घातली आहेत, त्यांच्याबरोबर पालक अजून नाही. मधल्या चार ओळी कोऱ्या आहेत. चहाला जाताना टेबल वाटेतच लागते.