हप्ता का थकला, हे आधी विचारूया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी तुमच्यापेक्षा वयानं लहान. पण आज एक चूक सांगायला उभी राहिलेय. त्या चुकीत मीही आहे.

एका गटातल्या ताईचे दोन हप्ते थकले. आपण काय केलं? नियमाप्रमाणे दंड लावला. वही मीच तपासली, सही केली. का थकले, हे कुणीच विचारलं नाही. तिचं दीड वर्षाचं बाळ जुलाबानं हैराण होतं, तिची मजुरी बुडत होती. अंगणवाडीताईंच्या वहीत वजन घटलेलं. आशाताईंच्या वहीत लस चुकलेली. आपल्या वहीत दंड. वह्या तीन, घर एकच!

आईला दंड लावला, तेव्हा बाळाचा दंड मोजायला हवा होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, की ते तीव्र कुपोषण. पट्टी लावली, लाल निघाली. मग पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागलं.

सोयी नाहीत असं नाही. तीन वर्षांपर्यंत घरपोच आहार आहे, पुढे सहापर्यंत अंगणवाडीत गरम जेवण. मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पण दारं वेगवेगळी. एकेका दारासाठी रोज बुडतो, मग आई जाणार कशी?

म्हणून तीन गोष्टी करूया.

एक, बैठकीत हप्ता घेण्याआधी विचारायचं: घरात लहान मूल आहे का? वजन झालं का? लस राहिली का?

दोन, गावात लसीकरणाचा दिवस असेल तेव्हा आशाताई, अंगणवाडीताई आणि ग्रामसंघाची एक ताई एकत्र बसतील. वजन, लस, योजनेचा फॉर्म, सगळं एकाच फेरीत.

तीन, मूल आजारी असेल तर दंड नाही. उलट अंतर्गत कर्ज आधी तिला. हा ठराव प्रत्येक गटानं आपापल्या बैठकीत घ्यावा.

त्या ताई केंद्रात राहिल्या, तेव्हा थोरल्या लेकीला शेजारच्या सदस्यांनी सांभाळलं. गटानं दंड परत केला. बाळ आता अंगणभर पळतंय.

पुढच्या बैठकीला वहीसोबत लसीचं कार्डही आणा. मी येतेच आहे.