आदर्श नगरीत स्वयंपाक कुणाकडे?



इटलीत उर्बिनो नावाचं डोंगरावरचं एक शहर आहे. तिथल्या संग्रहालयात पंधराव्या शतकाच्या अखेरीचं एक चित्र आहे. 'आदर्श नगरी' याच नावानं ते ओळखलं जातं. मधोमध गोल इमारत, दोन्ही बाजूंना ओळीत उभे वाडे, मधे फरसबंद चौक. सगळं कसं मोजूनमापून! आणि माणूस एकही नाही. दोरीवर वाळत घातलेलं एक कापडसुद्धा नाही. युरोपातल्या प्रबोधनकाळात माणूस केंद्रस्थानी आला, असं आपण शाळेत पाठ केलं होतं. हे चित्र पाहून मला मात्र वाटतं, इथला केर कोण काढतं?

टॉमस मोरच्या 'युटोपिया'लाही (१५१६) हेच विचारायला हवं. त्याच्या बेटावर खासगी मालमत्ता नाही, पैसा नाही, काम दिवसाला फक्त सहा तास. बाळंतिणींसाठी वेगळी खोली, तिथे शेकोटी, पाळणे, स्वच्छ पाणी. गरोदर बाईला पंगतीतून मधेच उठता यावं म्हणून बायकांना कडेच्या बाजूला बसवतात. इतका बारीक विचार करणारा पुरुष आजही विरळाच. याच मोरनं आपल्या मुलींना ग्रीक-लॅटिन शिकवलं होतं.

पण सामुदायिक जेवणघरात रांधायचं कुणी? घराघरातल्या बायकांनी, पाळीपाळीनं. जड आणि घाणेरडी कामं गुलामांकडे. आणि महिनाअखेरच्या सणाला देवळात जाण्याआधी बायकोनं नवऱ्यापुढे गुडघे टेकून चुका कबूल करायच्या. नवऱ्यानं कुणापुढे टेकायचे, याची सोय मोरनं केलेली नाही. मालमत्ता गेली, पैसा गेला, नवरेशाही तेवढी जागच्या जागी!

बायकांनी स्वतः असं जग रचलं तेव्हा काय झालं? प्रबोधनाच्या उंबरठ्यावरची क्रिस्तीन द पिझां पंचविसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात तीन मुलं. लेखणीवर संसार चालवणारी ही बाई. बायकांची निंदा करणारी पुस्तकं वाचून वैतागली आणि १४०५ मध्ये तिनं 'स्त्रियांची नगरी' लिहिली. त्या नगरीच्या भिंती बायकांच्या चरित्रांनी बांधलेल्या आहेत. एका हस्तलिखितातल्या चित्रात ती हातात थापी घेऊन स्वतः भिंत रचताना दिसते. शेवटी मात्र ती विवाहितांना नवऱ्याचं ऐकून घ्या असंच सांगते. ते वाचताना मला आजही राग येतो.

माझी आवडती आहे व्हेनिसची मोदेराता फोंते. हे टोपणनाव, खरं नाव मोदेस्ता पोत्सो. तिच्या 'स्त्रियांची योग्यता' या पुस्तकात नगरी नाही, राज्यघटना नाही. फक्त एक बाग, कारंजं आणि सात बायका. कुणी नवी नवरी, कुणी विधवा, कुणी लग्नच नको म्हणणारी. बाग लिओनोराची. ती तरुण विधवा आहे आणि तिला पुन्हा लग्न करायचं नाही. पुरुष कुणीही आसपास नाही. दोन दिवस त्या बोलतात. पहिल्या दिवशी बाप, भाऊ, नवरे, हुंडा. दुसऱ्या दिवशी गप्पा भरकटतात: नद्या, मासे, औषधी वनस्पती, कायदा. यात पुरुषांचा विषय कुठे राहिला, असंही मधे कुणी विचारतं. पण हे ज्ञान आपल्याला हवंच, म्हणजे पुरुषांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, हेही तिथेच बोललं जातं. मला हा दुसरा दिवसच जास्त क्रांतिकारक वाटतो. आपल्या बैठकांतही असा दिवस क्वचितच येतो.

घरकामातून वेळ काढून तिनं हे लिहिलं. १५९२ मध्ये, चौथ्या बाळंतपणात ती गेली. मरणाच्या जेमतेम आधी पुस्तक पुरं झालं होतं. ते छापून निघालं १६०० मध्ये, तिच्या मुलांच्या हातून.

त्या पुस्तकाच्या शेवटी कुठलीही नगरी उभी राहत नाही. संध्याकाळ होते आणि साऱ्याजणी उठून आपापल्या घरी जातात.